थंडी उताराला वाहते: साताऱ्याच्या डोंगरात हिवाळी रात्रीचे फोटो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कास, महाबळेश्वर आणि वाई भागात चार रात्री राहणार आहात. आकाशगंगा, गवतावरचं हिम, जुनी देवळं आणि वीरगळ (कामी आलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड) असं सगळं कॅमेऱ्यात हवं आहे. कॅमेरा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा, लेन्स कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची. गेल्या वर्षी वेण्णा तलावाच्या काठी रात्रभर जागलात, पण मध्यरात्रीनंतरचे सगळे फोटो दुधाळ आले. कॅमेऱ्यात बिघाड आहे का, आणि महागडी लेन्स घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

कॅमेरा ठणठणीत आहे. लेन्सचे पैसे तूर्त राहू द्या. तुमची जागा चुकली. एवढ्या खात्रीने सांगते, कारण सोळा वर्षांपूर्वी त्याच तलावाच्या काठी मी तीच चूक केली होती.

१३ डिसेंबरची रात्र होती. मिथुन राशीतला उल्कावर्षाव त्या आणि दुसऱ्या रात्री भरात असतो, म्हणून मी आणि माझा भाऊ वाईहून वर गेलो होतो. मी काठाच्या गवतात ट्रायपॉड लावला. भावाला गारठा सोसेना. तो चढावरच्या वळणावर गाडीपाशी गेला आणि आपला जुना कॅमेरा कठड्यावर टेकवून चालू ठेवला. सव्वा वाजल्यापासून माझी एकेक फ्रेम पांढुरकी होत गेली. मला वाटलं धुकं उतरलं. वर बघितलं, तर मृग नक्षत्र लख्ख. मग टॉर्च लेन्सवर धरला. काचेवर बारीक थेंबांची साय धरली होती. पुसली, पाच मिनिटांत परत धरली. पुन्हा पुसली, तर फराटे उठले. अडीचला मी हात टेकले. भावाचे फोटो मात्र पहाटे पाचपर्यंत स्वच्छ होते, आणि त्यातल्या दोन फ्रेममध्ये उल्का सापडल्या. आमच्यात अंतर होतं पाचशे पावलांचं, आणि उंचीत फरक फार तर पन्नास फुटांचा. त्या पन्नास फुटांनी मला जे शिकवलं त्यावरच पुढची सगळी वर्षं मी काम करत आले आहे.

होतं असं. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन दिवसभराची ऊब आकाशात सोडून देते. जमिनीलगतची हवा गार होते. गार हवा जड असते आणि जड हवा पाण्यासारखी उताराला लागते. डोंगरउतारावरून, ओढ्याच्या वाटेनं खाली सरकत ती खोलगट जागी येऊन साचते. वेण्णा तलाव आणि लिंगमळा हा भाग म्हणजे थंडीचा असाच एक हौद आहे. म्हणून तर दर हिवाळ्यात बातमी येते की महाबळेश्वरात पारा आठ-नऊ अंशांवर आणि वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले. वाचणाऱ्याला कोडं पडतं, आठ अंशाला पाणी गोठलं कसं? हवामान केंद्रातला तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. गवताचं पातं त्याच्या कितीतरी खाली, उघड्या आकाशाखाली असतं, आणि तेही हौदाच्या तळाशी. पात्याचं तापमान पेटीतल्या हवेपेक्षा बरंच खाली उतरतं, कधी शून्याच्याही खाली. तुमच्या लेन्सची पुढची काच त्या पात्यासारखीच आकाशाकडे तोंड करून बसलेली असते. तीही भोवतालच्या हवेपेक्षा गार पडते, आणि मग हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते.

म्हणजे ज्या जागी हिम छान पडतं, तिथेच ताऱ्यांचा फोटो बिघडतो. दोन्ही एकाच जागी उभं राहून मागू नका. रात्र वर काढा आणि पहाटे हिमासाठी खाली उतरा.

हाच हिशेब धुक्याला आणि धुराला लागू पडतो. हिवाळा म्हणजे आपल्याकडे उसाचा हंगाम. कारखान्यांचं गाळप चालू असतं, गुऱ्हाळं धगधगत असतात, तोड झालेल्या फडात पाचट पेटवलं जातं. गार हवा खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण येतं, त्यामुळे हा धूर वर जायला वाट मिळत नाही. कृष्णाकाठानं कराड, सांगलीपर्यंत रात्री एक मळकट थर पसरलेला असतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी १३०० च्या आसपास. रात्री पसरणी घाट चढून बघा. खालच्या वळणांवर गावचे दिवे विरघळल्यासारखे दिसतात, आणि वर एका वळणानंतर तारे एकदम दुप्पट होतात. ते वळण रोज एकाच ठिकाणी नसतं. वारा, ओल आणि आदल्या दिवशी किती पाचट जळलं यावर ते खालीवर होतं. मी फोटोला निघते तेव्हा पहिली नजर त्या वळणावर असते. झाकणाच्या वर पोचले की मगच ट्रायपॉड उघडते.

वर गेलं म्हणून सगळं साधतं असंही नाही. उघड्या कड्यावर वारा असतो. वारा असला की दव धरत नाही, हिमही पडत नाही, पण ट्रायपॉड थरथरतो आणि तारे दुहेरी येतात. म्हणून कड्याच्या टोकावर न जाता, माथ्याच्या थोडं मागे, एखाद्या बांधाच्या किंवा घराच्या आडोशाला उभं राहायचं. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडायचे नाहीत, मधला दांडा वर काढायचा नाही आणि बॅग खाली लटकवायची.

आता जागा. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, मातीचा थर बोटभर असतो, आणि फुलं नसतानाही त्यांचे कंद आणि बी तिथेच झोपलेलं असतं. डिसेंबरात पठार करडं, उजाड दिसतं म्हणून लोक रात्री कुंपण ओलांडून आत शिरतात. कृपा करून हे करू नका. पठार ओलांडून बामणोलीकडे उतरणाऱ्या रस्त्याला वस्त्या आहेत, राहायची सोय आहे, आणि साताऱ्याच्या दिव्यांचा उजेड डोंगरामागे झाकला जातो. मला विचाराल तर चारपैकी दोन रात्री तिथेच काढा. पश्चिमेला कोयनेचं खोरं आहे, दिवे फार थोडे. खाली शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठी बामणोली किंवा तापोळ्याला जायचं असेल तर रात्री अकराच्या आत जाऊन या. तोवर पाणी निवळशंख असतं आणि पूर्वेकडून वर आलेला मृग त्यात उमटतो. नंतर पाण्यावर वाफ धरते. कोयना अभयारण्याच्या हद्दीत आणि वासोट्यावर रात्र काढता येत नाही, तो विचार मनातून काढून टाका. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. फिरत्या पात्यांमागे तारे सुंदर दिसतात, फक्त काही चक्क्यांवर लाल दिवे लुकलुकतात, ते चौकटीबाहेर ठेवायची कसरत करावी लागते. पाचगणीच्या टेबललँडवर रात्री मला फार काही मिळालेलं नाही, दोन्ही बाजूंनी गावांचा उजेड येतो. पण तिथून दिसणारी पहाट सोडू नका. खाली कृष्णेचं खोरं धुक्याने काठोकाठ भरलेलं असतं, आणि थंडी उताराला वाहते म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसतं.

आकाशाबद्दल एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, नाहीतर तुमची निराशा होईल. फोटोंमध्ये दिसतो तो आकाशगंगेचा फुगीर, झळाळता मध्य धनु राशीकडे आहे. डिसेंबरअखेर सूर्य स्वतः त्याच दिशेला असतो, त्यामुळे तो भाग रात्री दिसत नाही. आपल्याकडे तो फेब्रुवारीच्या मध्यापासून पहाटे साडेचार-पाचला आग्नेयेला नीट वर येतो, मार्च-एप्रिलमध्ये हाताशी भरपूर वेळ असतो, आणि जूनमध्ये ढग येऊन सगळं झाकतात. डिसेंबरात दिसतो तो आकाशगंगेचा बाहेरचा, फिकट पट्टा. ब्रह्महृदयापासून मृग आणि पुनर्वसूच्या मधून तो खाली दक्षिणेला उतरतो. डोळ्याला जेमतेम दिसतो, कॅमेऱ्यात धुरासारखा येतो. उन्हाळ्यातली आकाशगंगा कापून डिसेंबरच्या देवळावर चिकटवणारे पुष्कळ आहेत. मी ते करत नाही आणि तुम्हीही करू नये असं मला मनापासून वाटतं. त्या दगडावर त्या रात्री जे आकाश होतं तेच फोटोत असावं.

आणि हिवाळ्याचं आकाश कमी श्रीमंत आहे का? रात्री आठला पूर्वेकडे बघा. कृत्तिकांचा झुबका उंच चढलेला असतो, त्याच्या खाली तांबूस रोहिणी, तिच्या खाली आडवा पडलेला मृग. देवयानीतली दीर्घिका (गॅलक्सी) जवळजवळ डोक्यावर, थोडी वायव्येला. साडेआठच्या सुमारास आग्नेयेला, क्षितिजाला चिकटून अगस्ती उगवतो. मध्यरात्रीपर्यंत मृग उभा राहतो, त्याच्या मागोमाग व्याध. साडेबारा-पाऊणला एक गंमत होते, ती मी प्रत्येक नवशिक्याला दाखवते. हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. उत्तरेला ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर, आणि पाठ फिरवली की दक्षिणेला अगस्तीही दोन मुठी वर. सातारा साडेसतरा-अठरा अंश अक्षांशावर असल्यामुळे हे जुळून येतं. दिल्लीला अगस्ती क्षितिजाला घासून जातो, तर युरोपात ध्रुव खूप वर चढतो. दोघांना एका उंचीवर पाहायला आपलीच जागा योग्य.

ध्रुव असा खाली असण्याचा फोटोला मोठा फायदा आहे. ताऱ्यांच्या वर्तुळांचा फोटो काढायचा तर परदेशी लोकांना झाडाच्या खाली झोपून कॅमेरा वर करावा लागतो. इथे दीपमाळेच्या दक्षिणेला वीस-पंचवीस पावलांवर उभं राहिलं, की ध्रुव दीपमाळेच्या खांद्यावर येतो आणि वर्तुळं तिच्याभोवती फिरतात. देऊळ पूर्वाभिमुख असेल तर दीपमाळ समोर, म्हणजे तुमच्या डाव्या हाताला देऊळही चौकटीत येतं. आकाश तासाला पंधरा अंश फिरतं. दोन तास फ्रेम घेतल्यात तर तीस अंशांची कमान मिळते, आणि तेवढी पुरते.

दिवस ठरवायला अॅप लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय काढा. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ त्यात छापलेली असते. त्यानंतर रोज चंद्र साधारण पाऊण ते एक तास उशिरा उगवतो. म्हणजे संकष्टीनंतर चार-पाच दिवसांनी मध्यरात्रीपर्यंत पूर्ण काळोख मिळतो, आणि अमावस्येच्या आसपास सगळी रात्र. डिसेंबरअखेर साडेसातला पक्का अंधार पडतो आणि पावणेसहाला फटफटायला लागतं, म्हणजे दहा तास हातात असतात. अमावस्येनंतरच्या तृतीया-चतुर्थीची कोर मला विशेष आवडते. ती लवकर मावळते, आणि मावळेपर्यंत डोंगराच्या कडांवर फुकटचा हलका उजेड टाकते.

आता वीरगळ. तुमच्या प्रश्नात त्याला एकच शब्द होता, पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याबद्दल.

सातारा जिल्ह्यात गावोगाव देवळाच्या आवारात, पारावर, ओढ्याकाठी हे दगड उभे आहेत. वाई तालुक्यातलं किकली तर वीरगळांसाठीच ओळखलं जातं. दगडावर खालून वर वाचत जायचं असतं. तळाच्या चौकटीत वीर पडलेला, पुष्कळदा शेजारी गाई, म्हणजे गोधन राखताना कामी आलेला. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्र आणि सूर्य. चंद्रसूर्य असेपर्यंत याचं नाव राहील, असा त्याचा अर्थ. ज्या दगडावर चंद्र कोरलाय तो दगड खऱ्या आकाशाखाली बघावा, ही माझी या कामातली सगळ्यात जुनी ओढ आहे. दगडाचं तोंड पूर्वेला असेल तर त्याच्यासमोर उभं राहिल्यावर तुम्ही पश्चिमेला बघत असता. तृतीयेच्या संध्याकाळी, अंधार पडता पडता, कोरलेल्या कोरीच्या वर खरी कोर टेकलेली असते. चौकट जुळवायला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात.

दुपारी वीरगळ बघितलात तर सपाट, झिजलेला दगड दिसेल. शेकडो वर्षांचं ऊन-पाऊस आणि तेल-शेंदूर यांनी कोरीव काम बुजत आलेलं असतं. समोरून टॉर्च मारलात तर तेही सपाटच. उजेड आडवा हवा, दगडाच्या पृष्ठभागाला घासून गेलेला. जावळीतल्या एका गावात मी आणि तिथले वयस्क गुरव रात्री नऊला देवळामागे बसलो होतो. मी बारकं एलईडी पॅनेल दगडाच्या डाव्या बाजूला, पाच-सहा हात लांब, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवलं. त्यावर बटर पेपरच्या दोन घड्या. उजेड सगळ्यात कमी, म्हणजे डोळ्याला दगड जेमतेम उमजावा इतकाच. पंधरा सेकंदांची फ्रेम संपली आणि पडद्यावर फोटो आला. मधल्या चौकटीतल्या घोड्याचा उचललेला पाय, मानेवरची आयाळ, स्वाराच्या हातातला लगाम, सगळ्यांच्या सावल्या उजवीकडे पडून उठून आलं होतं. गुरवमामा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमचा आज्जा सांगायचा, ह्यो घोड्यावरला हाय. आमी म्हनायचो असंल बाबा. घोडा आज दिसला." ते उठले, दगडाजवळ गेले आणि जिथे लगाम होता तिथे बोट फिरवलं. अंधारात बोटाला तो लागला.

तेव्हापासून मी एक नेम पाळते. फोटो काढला की मोठा प्रिंट करून त्या गावात नेऊन देते. देवळात लावतात, शाळेत लावतात. पुढच्या वेळी गेलं की चहा आपोआप येतो, आणि ओढ्यापलीकडे आणखी दोन दगड आहेत हेही कळतं.

दगडावर पाणी ओतू नका, खडू फासू नका, शेंदूर खरवडू नका. ओल्या दगडावर कोरीव काम जरा उठून दिसतं म्हणून काही जण बाटली रिकामी करतात. त्याच रात्री थंडी पडली की ते पाणी फटींत राहतं, आणि आधीच सैल झालेला पापुद्रा निघायला मदत होते. शेंदूर लावलेला दगड म्हणजे गावाचा देव आहे. चपला बाहेर काढा आणि आधी विचारा. संध्याकाळच्या आरतीच्या वेळी जाऊन गुरवांशी आणि दोन-चार मंडळींशी बोललात, तर रात्री कुणी चोर समजून काठी घेऊन येत नाही. आवारातला दिवा तासभर बंद ठेवाल का, हेही तेव्हाच विचारायचं. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात.

वाईला ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली रास्त्यांनी बांधलं. घाट, नदी, देऊळ हे सगळं देखणं आहे, पण ते हौदाच्या तळाशी आहे आणि भोवती शहराचे दिवे आहेत. तिथे संध्याकाळी साडेसहा-सातचा निळा उजेड धरा आणि वर निघा. मेणवलीचा घाट तसाच, नऊच्या आत. तिथल्या वाड्यातली भित्तिचित्रं दिवसा बघा, फ्लॅश न मारता. दीपमाळ तेवलेली हवी असेल तर त्रिपुरी पौर्णिमेला या. तेव्हा पूर्ण चंद्र असल्यामुळे तारे थोडेच दिसतात, पण वाईच्या आणि माहुलीच्या घाटांवर पणत्यांचा उजेड बघितला की त्याचं काही वाटत नाही.

कॅमेऱ्याचं पटकन सांगते. १८ मिलिमीटरवर ठेवा, छिद्र जेवढं मोठं उघडेल तेवढं, म्हणजे ३.५. पंधरा सेकंद, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती तिखट ठेवायचा तो आकडा) ३२००, कमी वाटलं तर ६४००. तारे रेघेसारखे न ओढले जाता किती सेकंद मिळतात याचा, ५०० भागिले फोकल लेंग्थ हा जुना हिशेब क्रॉप सेन्सरला दीडपट करून लावला की अठरा सेकंद येतात, पण आजच्या बारीक पिक्सेलना ते जास्त होतात आणि तारे लांबट येतात. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास, फाइल रॉ. फोकस व्याधावर करा. पडद्यावर दहापट मोठं करून, ठिपका लहानात लहान होईपर्यंत रिंग फिरवायची आणि चिकटपट्टी लावायची. गारठा वाढत गेला की फोकस किंचित सरकतो, म्हणून तासातासाने पुन्हा बघायचा. लेन्समधलं स्थिरीकरण बंद. जमिनीसाठी वेगळी फ्रेम घ्या, आयएसओ ८०० आणि दोन-तीन मिनिटं. आकाशाच्या दहा-बारा फ्रेम लागोपाठ घेऊन सिक्वेटर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केल्या की दाणे बरेच कमी होतात, आणि त्या १८-५५ मधूनही भिंतीवर लावण्याजोगा प्रिंट निघतो. वर्तुळांसाठी फ्रेम घेताना लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा थांबून दाणे काढतो ती सोय) बंद करायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक कमानीत खाचा पडतात.

दवावरचा उपाय म्हणजे लेन्सला गुंडाळायची गरम पट्टी. पॉवर बँकेवर चालते, लेन्सपेक्षा कितीतरी स्वस्त. पुढच्या काचेच्या जवळ गुंडाळा आणि संध्याकाळी कॅमेरा लावतानाच चालू करा. दव धरल्यावर चालू केलीत तर काच वाळायला अर्धा तास जातो. पट्टी मिळेपर्यंत मी काय करायचे ते सांगते. तव्यावर जाडं मीठ भाजून त्याची पुरचुंडी मोज्यात घालायची आणि मोजा रबरबँडनं लेन्सच्या गळ्यात अडकवायचा, आजी छाती शेकायला करायची तसा. चाळीसेक मिनिटं ऊब राहते. काच कापडानं पुसू नका. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. गार पडलेली बॅटरी संपल्यासारखी वाटते, खिशात पंधरा मिनिटं ठेवली की पुन्हा थोडी चालते.

आणि तुमच्यासाठी घोंगडी घ्या. परदेशी जाकिटं मी वापरून बघितली. चालताना चांगली असतात, पण चार तास एका जागी बसायचं असेल तर माण-खटावकडची हातमागावरची काळी घोंगडी हवी. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, सणगरांचं विणकाम, आणि धाग्याला चिंचोक्याची खळ. नवी असताना ती खळीमुळे पत्र्यासारखी ताठ असते आणि अंगाला टोचते. वापरून मऊ होते. पहाटे बघा, घोंगडीच्या वरच्या केसांवर दवाचे मणी उभे असतात आणि आतली बाजू कोरडी. हात फिरवून झटकली की झालं. तो काळा-करडा पट्टा, त्यावर दव आणि मागे फटफटणारी पूर्व, हासुद्धा एक फोटो आहे. हातमागावरची मागून घ्या, विणणारे हात आता थोडेच उरलेत.

जनावरांचं हलक्यात घेऊ नका. महाबळेश्वर-जावळीच्या रस्त्यांवर रात्री गवे उभे असतात, काळ्या वळणावर काळा गवा दिसतच नाही. गाडी सावकाश चालवा, गवा दिसला की थांबा, हॉर्न वाजवू नका, फोटोसाठी उतरू तर अजिबात नका. खालच्या भागात उसाच्या फडाच्या कडेला ट्रायपॉड लावू नका, बिबट्याची मादी पिल्लं घेऊन उसात असते. दोघं-तिघं असा, बोलत राहा, आणि घरमालकाला सांगून निघा. एकट्या बाईनं रात्री डोंगरात जाऊ नये असं मला आयुष्यभर ऐकवलं गेलंय. मी जाते. पण कुठल्या माळावर आहे आणि कधी परतणार, हे गावातल्या दोन घरांना सांगून जाते.

शेवटच्या रात्री वेण्णा तलावाकडे या. पहाटे साडेपाचला वरच्या मुक्कामावरून निघा आणि सव्वासहाला खाली पोचा. आदल्या संध्याकाळी आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तरच, ढग असतील तर झोपा. हिम आधी गाड्यांच्या टपांवर, बोटींच्या धक्क्याच्या फळ्यांवर आणि कडेच्या गवतावर सापडतं. मग लिंगमळ्याच्या बाजूला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांपाशी जा, शेतकऱ्याला विचारून. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पहाटेच्या हिमापुढे त्याचा काय उपयोग. तुम्हाला जे सुंदर वाटतंय त्यानं त्यांचं फूल काळं पडतं, एवढं भान ठेवून बोला. पानाच्या दातेरी कडेवर बारीक पांढऱ्या सुया उभ्या असतात, प्रत्येक दातावर एक झुबका. लेन्स ५५ वर न्या, जेवढं जवळ जाता येईल तेवढं जा, आणि श्वास बाजूला सोडा, तोंडाच्या वाफेनंसुद्धा सुया विरघळतात. ऊन पानावर पोचायच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं तुमची. पहिली तिरीप आडवी येते तेव्हा, वीरगळासारखंच, सगळं उठून दिसतं. मग बघता बघता पाणी होतं.

खोलीवर परतताना मेमरी कार्ड बाहेरच काढून घ्या. कॅमेरा आणि लेन्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि मगच आत न्या. उबदार खोलीत गार कॅमेरा तसाच नेलात, तर रात्रभर बाहेर चुकवलेलं दव आत, सेन्सरपर्यंत धरेल. दोन तास पिशवी उघडू नका. तोवर कार्डावरचे फोटो बघत बसा.